खांब एक, नावं सतरा : क्रोशाचे पहिले टाके

बाळाच्या टोपीचा एक इंग्रजी नमुना समोर ठेवून मी पहिल्यांदा एकटीने क्रोशाची सुई हातात घेतली. नमुन्यात लिहिलं होतं : पहिल्या फेरीत सहा डबल क्रोशे, दुसऱ्या फेरीत बारा, तिसऱ्या फेरीत अठरा. डबल क्रोशे म्हणजे आपला खांब हा उंच टाका, एवढं मला ठाऊक होतं. त्यामुळे मी निर्धास्तपणे खांब घालत गेले. तिसऱ्या फेरीला कडा वर उठल्या, पाचव्या फेरीला त्याची वाटी झाली आणि शेवटी टोपीऐवजी एक निमुळती पिशवी हातात आली. दोनदा उसवलं, सुई बदलली, लोकरीला नावं ठेवली, तरी पुन्हा पिशवीच. नंतर कळलं की नमुना ब्रिटिश पद्धतीने लिहिलेला होता. ब्रिटिश इंग्रजीतला डबल क्रोशे म्हणजे अमेरिकन इंग्रजीतला सिंगल क्रोशे, आणि आपला मुका खांब, खांबाहून बुटका टाका!

तेव्हापासून नव्याने शिकणाऱ्याला मी पहिली गोष्ट हीच सांगते. टाक्याचं नाव नंतर पाठ करा, आधी त्यासाठी सुईवर दोऱ्याचे किती वेढे घेतले ते मोजायला शिका. भाषा बदलली की नाव बदलतं, इंग्रजीसारख्या भाषेत तर समुद्र ओलांडला की त्याच नावाचा अर्थ बदलतो. वेढे मात्र कुठेही तेवढेच राहतात.

सुई आणि लोकर

सुरुवातीला ४ ते ५ मिलिमीटरची सुई घ्या. याहून बारीक सुईने टाके दिसत नाहीत आणि फार जाड सुईने हात अवघडतो. लोकर मध्यम जाडीची, गुळगुळीत, फिकट रंगाची असावी. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाका कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो हे सरावलेल्या डोळ्यांनाही चटकन दिसत नाही. केसाळ लोकर दिसायला सुरेख असते, पण उसवताना जीव खाते, आणि सुरुवातीला आपण विणतो त्याहून जास्त उसवतो. सुती दोरा चालेल, मात्र तो लोकरीसारखा ताणला जात नाही, त्यामुळे बोटं लवकर दुखतात.

सुईवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, मिलिमीटर बघा. अमेरिकन ‘एच-८’ ही ५ मिलिमीटरची सुई. जपानी ‘८/०’ हीसुद्धा ५ मिलिमीटरची, त्यामुळे आठ म्हणजे पाच असं आपण समजून बसतो. जुन्या ब्रिटिश मापातली ८ नंबरची सुई मात्र ४ मिलिमीटरची निघते, कारण त्या मापात आकडा वाढला की सुई बारीक होत जाते. लेस विणायच्या अमेरिकन स्टीलच्या सुयांचंही असंच उलटं आहे.

क्रोशे हा शब्द मूळचा फ्रेंच. त्याचा अर्थ छोटा आकडा, हूक. बहुतेक भाषांनी या कामाला हत्याराचंच नाव दिलं आहे. जर्मन ‘हेकेल्न’, डच ‘हाकन’, स्पॅनिश ‘गांचिल्यो’, इटालियन ‘उन्चिनेत्तो’, रशियन ‘क्र्युचोक’, या सगळ्यांच्या मुळाशी तोच आकडा आहे. आपण मात्र त्याला सुई म्हणतो, नेढं नसलं तरी.

धरायचं कसं, साखळी कशी घालायची

सुई पेन्सिलीसारखी धरा किंवा सुरीसारखी मुठीत धरा. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, यावर कुणी वाद घालायला आलं तर विणत राहा. दुसऱ्या हातात दोरा करंगळीला एक वेढा देऊन तर्जनीवरून यायला हवा. तर्जनी थोडी उंच ठेवली की दोरा ताठ राहतो आणि सुईच्या आकड्यात आपोआप अडकतो. डावखुऱ्यांनी सगळं आरशात बघितल्यासारखं उलट करायचं, टाके तेच.

दोऱ्याच्या टोकाला सरकगाठ बांधा, म्हणजे ओढल्यावर घट्ट होणारा फास. तो सुईवर चढवा, पण आवळू नका. आता सुईवर दोरा घ्या आणि फासातून बाहेर ओढा. ही झाली एक साखळी. पुन्हा दोरा घ्या, पुन्हा ओढा. दहा-पंधरा साखळ्या झाल्या की समोरून छान वेणी दिसते, पालथी केली की मधोमध छोट्या गाठींची रांग दिसते.

मोजताना दोन गोष्टी सोडून द्यायच्या : सुरुवातीची सरकगाठ आणि सुईवर असलेला फास. नव्या माणसाची साखळी नेहमी एकाने चुकते ती या दोनपैकी एकीमुळे.

पहिली साखळी हटकून आवळली जाते. मग पुढच्या ओळीत सुई आत शिरत नाही, आणि शिरलीच तर बाहेर येत नाही. उपाय सोपा आहे. साखळी अर्ध्या किंवा एक मिलिमीटरने जाड सुईवर घाला आणि पुढचं काम नेहमीच्या सुईवर करा. फास सुईच्या गळ्याशी न आवळता जाड दांड्यावर आणून सैल केला तरी फरक पडतो. एक संध्याकाळ नुसती साखळी घालण्यात गेली तरी चालेल. कंटाळा येईल, पण दोऱ्याचा ताण हाताला इथेच कळतो.

मुका खांब, खांब आणि वेढ्यांचं गणित

मराठीत या टाक्यांची नावं सगळीकडे अगदी एकसारखी नाहीत. शिकवणारी ताई किंवा काकू मुका खांब म्हणाली तर तिला विचारून घ्या, आधी वेढा घ्यायचा की नाही? इथे मी वापरलेली नावं अशी समजा.

मुका खांब : आधी वेढा नाही. सुई सरळ घरात, म्हणजे आधीच्या ओळीतल्या टाक्यात किंवा साखळीत, घाला, दोरा घेऊन बाहेर ओढा. सुईवर आता दोन फास आहेत. दोरा घ्या आणि दोन्हीतून एकदम काढा. संपलं. टाका बुटका, घट्ट, फटी नसलेला होतो.

खांब : घरात शिरण्याआधी सुईवर एक वेढा घ्या. मग सुई घरात, दोरा बाहेर. आता सुईवर तीन फास. दोरा घेऊन दोनांतून काढा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोनांतून काढा. उंच, सडपातळ टाका तयार होतो, आणि काम भराभर वाढतं. नव्याने शिकणाऱ्यांना हाच जास्त आवडतो, कारण तासाभरात हातभर काहीतरी दिसतं.

दुहेरी खांब : आधी दोन वेढे. दोरा बाहेर ओढल्यावर सुईवर चार फास, आणि मग दोन-दोन करत तीनदा काढायचं.

यातलं गणित लक्षात आलं का? आधी जितके वेढे, त्यात दोन मिळवले की सुईवरचे फास. वेढ्यांत एक मिळवला की दोन-दोन करत किती वेळा काढायचं ते. शून्य वेढ्यांना दोन फास, एकदा काढणं. एका वेढ्याला तीन फास, दोनदा काढणं. दोन वेढ्यांना चार फास, तीनदा काढणं. तीन वेढ्यांचा टाका कुणी शिकवला नाही तरी आता तुम्हाला येतो.

खांबांपैकी या गणितात न बसणारा एकच : अर्धा खांब. आधी एक वेढा घ्यायचा, दोरा बाहेर ओढायचा, सुईवर तीन फास होतात, आणि ते तिन्ही एकाच झटक्यात काढायचे. उंचीला मुक्या खांबाच्या आणि खांबाच्या मधला. तीन फासांतून एकदम सुई काढताना ती मधल्या फासात अडकते. तेव्हा सुईचा आकडा खाली, कामाकडे वळवा, निसटते.

पाचवा आहे सरकटाका. सुई घरात घालायची, दोरा घ्यायचा आणि तो घरातून व सुईवरच्या फासातून सलग ओढून घ्यायचा. उंची जवळपास नाहीच. फेरी जोडायला किंवा उंची न वाढवता एका जागेवरून दुसरीकडे जायला तो कामी येतो.

सुई घालायची कुठे? ओळीच्या माथ्यावर वेणीसारखे आडवे पेड दिसतात. सांगितलं नसेल तर दोन्ही पेडांखालून सुई घाला. नुसत्या मागच्या पेडातून घातली तर समोर आडवी रेघ उमटते. ती कधी मुद्दाम हवी असते, पण चुकून आलेली रेघ लगेच डोळ्यांत भरते.

कडा तिरक्या का होतात

चौकोन विणायला घेतला आणि त्रिकोण झाला, असं सगळ्यांचं होतं. एका कडेला टाका निसटतो, दुसऱ्या कडेला जास्तीचा पडतो, आणि दोन्ही ठिकाणी दोष वळतानाच्या साखळ्यांचा असतो.

ओळ संपली की काम उलटवायचं, पण नव्या ओळीच्या उंचीइतकं वर चढून. मुक्या खांबासाठी एक साखळी, अर्ध्या खांबासाठी दोन, खांबासाठी तीन, दुहेरी खांबासाठी चार. मुक्या खांबाची एक साखळी टाक्यात धरत नाहीत, म्हणून पहिला मुका खांब पहिल्याच घरात पडतो. खांबाच्या तीन साखळ्या मात्र स्वतःच पहिला खांब ठरतात. म्हणून पहिलं घर सोडून दुसऱ्या घरात पुढचा खांब घालायचा, आणि ओळीचा शेवटचा खांब आधीच्या ओळीतल्या त्या तीन साखळ्यांच्या माथ्यावर घालायचा.

हे शेवटचं घर दिसतच नाही. ते वळून कडेला दडून बसलेलं असतं, आणि इतर घरांसारखं दिसत नाही. तिथे सेफ्टी पिन किंवा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवा. पहिल्या दहा ओळी तरी प्रत्येक ओळ संपल्यावर टाके मोजा. मोजायचा कंटाळा मलाही येतो, पण पाच ओळी उसवायचा त्याहून जास्त येतो.

पंधरा खांबांची पट्टी करून बघा. सतरा साखळ्या घाला आणि सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घाला. सोडलेल्या तीन साखळ्यांचा एक खांब आणि उरलेल्या चौदांत चौदा, असे पंधरा. पंधरा मुके खांब हवे असतील तर सोळा साखळ्या घालून सुईपासून दुसरीत सुरू करा.

भाषाभाषांतली नावं

जगभर नमुने लिहिणारे हेच पाच-सहा टाके घालतात. नावं देताना कुणी टाक्याची उंची पाहिली, कुणाला त्यात खांब-काठी दिसली, तर इंग्रजीने मोजायला सुरुवात केली आणि घोटाळा केला.

आधी घोटाळ्याचं बघू. अमेरिकेत मुका खांब सिंगल क्रोशे, अर्धा खांब हाफ डबल, खांब डबल आणि दुहेरी खांब ट्रेबल. ब्रिटनमध्ये मुका खांब डबल क्रोशे, अर्धा खांब हाफ ट्रेबल, खांब ट्रेबल आणि दुहेरी खांब डबल ट्रेबल. ऑस्ट्रेलियाचे नमुनेही बहुधा ब्रिटिश पद्धतीचे असतात. लक्षात ठेवायला माझी एक युक्ती आहे. अमेरिकन नाव दोन-दोन करत किती वेळा काढायचं ते सांगतं : सिंगल एकदा, डबल दोनदा, ट्रेबल तीनदा. ब्रिटिश नाव सुईवर किती फास आहेत ते सांगतं : डबलला दोन, ट्रेबलला तीन. चार फासांना डबल ट्रेबल म्हटलं की ही युक्ती कोलमडते, पण तोवर तुम्ही वेढे मोजायला लागलेले असता.

नमुना कुठला ते ओळखायच्या खुणाही सांगते. ‘सिंगल क्रोशे’ असेल तर तो अमेरिकन. ‘हाफ ट्रेबल’ असेल तर ब्रिटिश. घर सोडा म्हणायला ‘स्किप’ लिहिलं असेल तर बहुधा अमेरिकन, ‘मिस’ असेल तर ब्रिटिश. विणकामाच्या घट्टपणाला अमेरिकन ‘गेज’ म्हणतात, ब्रिटिश ‘टेन्शन’. आणि यातलं काहीच सापडलं नाही तर वळतानाच्या साखळ्या मोजा. डबल क्रोशेच्या ओळीआधी तीन साखळ्या सांगितल्या असतील तर तो आपला खांब, एकच सांगितली असेल तर मुका खांब. त्या टोपीच्या वेळी मी एवढंच बघितलं असतं तर निभावलं असतं.

उंची पाहणाऱ्यांत इटालियन आणि पोर्तुगीज अगदी शिस्तीच्या. इटालियनमध्ये साखळी ‘कातेनेल्ला’, मुका खांब ‘मालिया बास्सा’ म्हणजे बुटका टाका, खांब ‘मालिया आल्ता’ म्हणजे उंच टाका, अर्धा खांब ‘मेझ्झा मालिया आल्ता’ म्हणजे अर्धा-उंच टाका. आणि सरकटाका? ‘मालिया बास्सीस्सिमा’, अतिबुटका! पोर्तुगीजमध्येही असंच, साखळीपासून उंचीच्या क्रमाने : ‘कोरेन्तीन्या’, ‘पोन्तु बायशीसिमु’, ‘पोन्तु बायशु’, ‘मेयु पोन्तु आल्तु’, ‘पोन्तु आल्तु’. एकदा ‘बास’ किंवा ‘बाय’ म्हणजे बुटका आणि ‘आल्त’ म्हणजे उंच एवढं कळलं की शब्दकोश लागत नाही.

स्पॅनिश याच घरातली, पण तिथे मुलुखागणिक नाव बदलतं. साखळी ‘कादेनेता’, मुका खांब ‘पुन्तो बाखो’, खांब ‘पुन्तो आल्तो’ किंवा ‘वारेता’. वारेता म्हणजे छोटी काठी. लॅटिन अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी मुक्या खांबाला ‘मेदियो पुन्तो’ म्हणतात, शब्दशः अर्धा टाका. अर्धा खांब तो ‘मेदियो पुन्तो आल्तो’. एक शब्द वाचायचा राहिला तर उंची बदलते.

फ्रेंचमध्ये टाक्याला ‘माय’ म्हणतात, मराठी कानाला जरा मौज वाटते. साखळी म्हणजे ‘माय आं लेर’, हवेतला टाका. सरकटाका ‘माय कूले’, मुका खांब ‘माय सेरे’ म्हणजे घट्ट टाका. खांब ‘ब्रीद’, अर्धा खांब ‘दमी-ब्रीद’, दुहेरी ‘दुब्ल ब्रीद’.

साखळीला हवेतला टाका जर्मनही म्हणतात : ‘लुफ्टमाशे’. ती कशावरही टेकलेली नसते, नुसती लोंबते, त्यामुळे नाव पटतं. मुका खांब ‘फेस्टे माशे’, पक्का टाका. खांब ‘श्टेपशेन’, छोटी दांडी. अर्धा ‘हाल्बेस श्टेपशेन’, दुहेरी ‘डोपेलश्टेपशेन’. सापळा आहे तो ‘केटमाशे’ या नावात. केटं म्हणजे साखळी, म्हणून केटमाशे म्हणजे साखळी असं वाटतं, पण तो सरकटाका आहे. डचमध्ये तसाच एक सापळा : ‘वास्ते’ म्हणजे मुका खांब, पण ‘हाल्वे वास्ते’ म्हणजे अर्धा मुका खांब नव्हे, सरकटाका. बाकी डच साधी. साखळी ‘लोसे’ म्हणजे सैल, खांब ‘स्टोक्ये’ म्हणजे काडी.

स्वीडिशमध्ये खांबाला ‘स्तोल्पे’ म्हणतात, आणि स्तोल्पेचा अर्थ खरोखरच खांब. अर्धा खांब ‘हाल्वस्तोल्पे’. सरकटाक्याचं स्वीडिश नाव मला सगळ्यांत आवडतं : ‘स्म्यूगमास्का’, चोरपावलांनी जाणारा टाका. तो करतोही तेच, कुणाला न दिसता पुढे सरकतो.

रशियनमध्ये टाक्याला ‘स्तोल्बिक’ म्हणतात, छोटा खांब. मराठी विणणारीला इथे घरी आल्यासारखं वाटेल. शिवाय रशियन नावात वेढे उघड सांगितलेले असतात. मुका खांब ‘स्तोल्बिक बेझ नाकीदा’, वेढ्याशिवायचा खांब. खांब ‘स्तोल्बिक स नाकीदम’, वेढ्यासकटचा खांब. दुहेरी ‘स्तोल्बिक स द्वुम्या नाकीदामी’, दोन वेढ्यांचा खांब. नाव लांबलचक आहे, पण वाचता वाचता टाका शिकवून होतो. अर्धा खांब ‘पोलुस्तोल्बिक स नाकीदम’. शेवटचे दोन शब्द नसतील, नुसतं पोलुस्तोल्बिक असेल, तर तो सरकटाका.

तुर्कीत साखळीला ‘झिन्जिर’ म्हणतात. फारसीतला तोच शब्द आपल्याकडे ‘जंजीर’ म्हणून आला, त्यामुळे हा पाठ करावाच लागत नाही. मुका खांब ‘सक इय्ने’, दाट सुई. खांब ‘त्राब्झान’, म्हणजे जिन्याचा कठडा. खांबांची एक ओळ विणून दूर धरा, कठड्याचे गज दिसतील.

जपानी नावं लांबीवर बेतलेली. साखळी ‘कुसारी-आमी’, कुसारी म्हणजे साखळीच. सरकटाका ‘हिकिनुकी-आमी’, ओढून बाहेर काढलेला. मुका खांब ‘कोमा-आमी’, बारीक विणीचा. अर्धा खांब ‘चूनागा-आमी’, मध्यम लांब. खांब ‘नागा-आमी’, लांब. आणि दुहेरी खांब ‘नागानागा-आमी’, आपण लांबलांब म्हणतो ना, तसाच.

नावं नकोच असतील तर : चिन्हं

जपानी नमुन्यांत बहुधा शब्द फार नसतात, चित्र असतं. ही चिन्हं जपानच्या औद्योगिक मानकात ठरवून दिलेली आहेत आणि जवळपास तशीच जगभर चालतात. लंबगोल म्हणजे साखळी, भरलेला ठिपका म्हणजे सरकटाका, फुली किंवा अधिक चिन्ह म्हणजे मुका खांब. इंग्रजी टीच्या आकाराची खूण म्हणजे अर्धा खांब. त्या टीच्या दांड्यावर एक तिरकी रेघ असली की खांब, दोन असल्या की दुहेरी खांब. खांबापासून पुढे तिरक्या रेघा म्हणजे वेढेच, अर्ध्या खांबाचा एक वेढा तेवढा चित्रात दाखवत नाहीत.

एकाच घरात दोन टाके घालायचे असतील तर दोन टींचे पाय एका ठिकाणी जुळतात. दोन टाके मिळून एक करायचे असतील तर त्यांची डोकी जुळतात. हे वाचायला कुठलीच भाषा लागत नाही. सरळ-उलट ओळींच्या चित्रात उजवीकडून सुरू झालेली ओळ पुढच्या वेळी डावीकडून वाचायची, गोल चित्रात मधून बाहेर जायचं. डावखुऱ्यांनी चित्र आरशात धरायचं.

गोल, आणि त्या पिशवीचा उलगडा

गोल काम सुरू करायला दोऱ्याचंच एक सैल कडं करतात, त्यात पहिली फेरी घालतात आणि मग टोक ओढून मधलं भोक बंद करतात. नाही जमलं तर चार साखळ्या सरकटाक्याने जोडून कडं करा, भोक थोडं राहील, इतकंच.

गोल सपाट राहायचा तर प्रत्येक फेरीत ठरावीक टाके वाढले पाहिजेत. मुक्या खांबाचा गोल सहाने सुरू होतो आणि दर फेरीला सहा वाढतात : ६, १२, १८, २४. खांब जवळपास दुप्पट उंच, त्यामुळे फेरी बाहेरच्या बाजूला तितकी जास्त पसरते आणि परीघ भरायला टाकेही दुप्पट लागतात : १२, २४, ३६, ४८. मी मुक्या खांबाचा हिशोब लावून खांब घातले. उंची वाढत गेली, परीघ वाढला नाही, आणि काम वर वळत पिशवी झाली. हेच मुद्दाम केलं की टोपीच्या कडा खाली येतात किंवा बाहुलीचं डोकं गोल होतं. जपानी ‘आमिगुरुमी’, म्हणजे क्रोशाने विणून आत कापूस भरलेल्या बाहुल्या, सगळ्या या हिशोबावर उभ्या आहेत. त्या सलग गोल-गोल विणतात, फेरी जोडत नाहीत, म्हणून फेरीच्या पहिल्या टाक्यात खुणेचा दोरा हवाच.

उलट, टाके जास्त वाढवले तर कडेला झालर येते. १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी हाच दोष कामी आणला. दर ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवत जाऊन त्यांनी अतिवलयी प्रतल (हायपरबॉलिक प्लेन, म्हणजे सगळीकडे झालरीसारखा वळत जाणारा पृष्ठभाग) हातात धरता येईल असं क्रोशाने विणून दाखवलं. तुमच्या गोलाला झालर आली तर टाके मोजा. ते जास्त असतील तर पुढच्या फेरीत वाढवू नका, आणि फार झालर असेल तर उसवा.

सरावाची पट्टी

एकदम मोठं काम घेऊ नका. वीस टाक्यांची एक लांब पट्टी करा : चार ओळी मुक्या खांबाच्या, चार अर्ध्या खांबाच्या, चार खांबाच्या, दोन दुहेरी खांबाच्या. दर वेळी टाका बदलताना वळतानाच्या साखळ्या बदलायला विसरू नका. वीसचे एकवीस झाले तर तिथेच थांबून शोधा.

संपवताना पंधरा सेंटिमीटर दोरा ठेवून कापा, तो शेवटच्या फासातून ओढून घट्ट करा. मग बोथट सुईने टाक्यांच्या पोटातून आधी एका बाजूला, मग उलट बाजूला ओवून घ्या. एकाच दिशेला ओवलेलं टोक धुतल्यावर बाहेर येतं.

पट्टीच्या प्रत्येक भागाला कागदाची चिठ्ठी टाचा. त्यावर आधी वेढ्यांचा आकडा लिहा, मग चिन्ह, मग मराठी नाव, आणि ज्या भाषेतले नमुने तुम्ही वाचणार असाल त्या भाषेतलं नाव. इंग्रजी लिहिलंत तर दोन्ही लिहा, अमेरिकन आणि ब्रिटिश. नवा नमुना आला की पट्टी शेजारी ठेवा आणि पहिली ओळ वाचून बोट ठेवा, यातला कुठला?

माझी पट्टी अजून आहे. अर्ध्या खांबाच्या चार ओळींत तिचे दोन टाके कमी झाले आहेत, आणि ते कुठे गेले ते मला अजून सापडलेलं नाही.